आमेन दुसऱ्यानं म्हणायचं

निरोप आला तेव्हा मी रॉकेलच्या रांगेत उभी होते. शेजारच्या खैरूनबी डोक्यावरचा पदर सावरत, पायात चपला न घालताच रस्ता ओलांडून आल्या आणि म्हणाल्या, "टीचरबाई, आत्या गेल्या वो." मी विचारलं, "कुठं गेल्या?" खरंच विचारलं. दूधवाला यायचा आहे, घर सोडू नकोस, असं मी मार्थाला निघताना बजावून आले होते. आणि मार्था अशी, की चर्चच्या मंडळीतल्या कुणाचं पोर शिंकलं तरी दार नुसतं लोटून निघायची. तेव्हा मला आधी रागच आला. खैरूनबींनी माझ्या हातातला रिकामा डबा काढून घेतला, तेव्हा कळलं. तरीही मागच्या बाईला माझा नंबर सांगून मग मी रांग सोडली. सवय, दुसरं काय...

या गोष्टीला आता दीडेक महिना होईल. नातवंडांनो, तुमच्या आईनं इंग्लंडहून लिहिलं आहे की मुलांना आत्या म्हणजे फोटोच्या कडेला पदर सावरत उभी असलेली जाडी बाई, एवढंच ठाऊक आहे, तर त्यांच्यासाठी काहीतरी लिही. वर्तमानपत्राच्या या पुरवणीत जागा मिळाली म्हणून इथं लिहिते आहे. इतरांनीही वाचायला हरकत नाही, तिला ओळखणारे गावात पुष्कळ आहेत. मराठी वाचायला तुम्हाला जड जातं म्हणे. जड जात असेल तर सावकाश वाचा. इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म गेला, तेव्हा हे मला इंग्रजीत लिहिता आलं असतं. पण मार्था इंग्रजीत बसत नाही. ती तशी कशातच नीट बसत नसे, टांग्यातसुद्धा. हा विनोद तिचाच आहे, म्हणून लिहायचं धाडस करते.

मार्था तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद. तिनं लग्न केलं नाही. मी ज्या शाळेत शिकवायची तिच्याच वसतिगृहात ती मेट्रन होती, आणि मुलींपासून माळ्यापर्यंत सगळे तिला आत्या म्हणत. चारचौघांत जेवायला बसली की दीड चपाती खाऊन "पुरे" म्हणायची. बायका थट्टा करायच्या, "आत्याला हवासुद्धा अंगी लागते." तीही हसायची. वसतिगृहात राहायला जाण्याआधी ती आमच्याच घरी असायची. मी लग्न होऊन घरात आले त्यानंतर थोड्याच दिवसांत, एका दुपारी मीठ आणायला म्हणून सामानाच्या खोलीत गेले, तर ही दाराच्या मागं उभी. एका हातात गुळाचा खडा, दुसऱ्या हातात कोरडं पीठ. तोंड भरलेलं, आणि डोळे माझ्याकडं असून माझ्याकडं नव्हते. चव घेत होती असं म्हणता यायचं नाही. पोतं भरावं तशी भरत होती. मी मीठ घेतलं आणि बाहेर आले. संध्याकाळी तिनं दीड चपाती खाल्ली आणि "पुरे" म्हणाली.

आमच्या सोलापूरची कडक भाकरी तुम्ही खाल्लेली नाही. ज्वारीची, पातळ थापून भाजलेली आणि मग पापडासारखी वाळवलेली. डब्यात भरून ठेवली की आठवडेच्या आठवडे टिकते, आणि मोडली की कट्‌कन आवाज होतो, तो पलीकडच्या खोलीत ऐकू जातो. मार्थानं त्यावर युक्ती शोधून काढली होती. भाकरी पदरात गुंडाळायची, पोटाशी धरायची आणि हळूहळू दाबायची. मग आवाज होत नाही. नंतर पदरातला भुगा खायचा. तिच्या सगळ्या लुगड्यांच्या पदरांना पिठाचा वास असे. धुण्याला टाकताना मला तो यायचा आणि माझ्या कपाळाची शीर उठायची.

मी शिस्तीची बाई. मी उपाय केले. कपाटाला कुलूप लावलं. जेवणाच्या वेळांचा तक्ता करून भिंतीवर टांगला. सकाळी लिंबूपाणी, संध्याकाळी तलावापर्यंत फेरी. तक्ता तिनं मन लावून वाचला आणि "अक्षर किती सुंदर आहे, वहिनी," म्हणाली. तुमच्या आजोबांनी एकदा तिला पवित्र शास्त्रावर हात ठेवायला लावून वचन घेतलं. ते वचन आठवडाभर टिकलं आणि मोडल्यावर तिला दुप्पट खायला एक नवं कारण मिळालं. शुक्रवारी उपास करायची आणि शनिवारी त्याची व्याजासकट वसुली. मंडळीत तेव्हा दारू सोडलेल्या माणसांच्या साक्षी व्हायच्या. अमक्यानं बाटली फोडली, तमक्यानं गुडघे टेकले आणि पुन्हा थेंबाला शिवला नाही. मार्था पहिल्या बाकावर बसून डोळे पुसायची. परत येताना मी म्हणायची, "मग तू का नाही सोडत?" ती म्हणायची, "काय सोडू, वहिनी? त्यांच्यासमोर रोज तीनदा बाटली वाढत नाहीत." मला आणखी राग यायचा.

मग दुष्काळ आला. तुमचे आजोबा त्याच्या आदल्याच वर्षी गेले होते, तुमची आई परदेशी निघून गेली होती आणि मी एकटी होते. विहिरी आटल्या, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी आली, तिची भाकरी थापताना चिरायची आणि गिळताना घशात अडायची. गावोगावची माणसं खडी फोडायच्या कामांवर होती. वसतिगृहातल्या मुलींसाठी सुकडीचे डबे यायचे. सुकडी म्हणजे भाजलेलं पीठ, गूळ आणि शेंगदाण्याची भुकटी. रोज दुपारी प्रत्येक मुलीला एक वाटी. त्या कोठीची किल्ली मार्थाच्या कमरेला. एके दिवशी शेवटच्या रांगेतल्या मुलींना वाटी अर्धीच भरली, पुढच्या आठवड्यात मिळालीच नाही, आणि डबे तर पुरेसे आले होते. चौकशी झाली. संशय स्वयंपाकीण शिवम्मावर आला. ती अक्कलकोटकडची, घरी चार तोंडं, आणि कोठीत तिचं जाणंयेणं. शाळेच्या मोठ्या बाईंनी तिला सगळ्यांसमोर विचारलं. शिवम्मा म्हणाली, "त्यात काय सोनं हाय व्हय? देवाशपथ न्हाय हात लावला." गुरुवारी तिचा हिशेब करून टाकायचा, असं ठरलं.

मी मार्थाकडं पाहत होते. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. बाहेर आल्यावर मी सरळ विचारलं, "तूच ना?"

"उद्या सभा आहे, वहिनी."

"मी सभेचं विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन."

"उद्या सभा आहे," ती पुन्हा म्हणाली. मला वाटलं, विषय बदलते आहे.

दर बुधवारी दुपारी आमची बायकांची प्रार्थनासभा असे. गीत, वाचन, मग साक्षी, मग चहा. चहा करायला वसतिगृहातून शिवम्मा यायची, तशी त्या दिवशीही आली होती. साक्षी कशा होत्या ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एक बाई उठायची, धाकट्याचा ताप उतरला म्हणायची. सगळ्या म्हणायच्या, आमेन. दुसरी उठायची, दिराला रेल्वेत लागली म्हणायची. आमेन. उन्हाळ्याची दुपार, पंखा बंद, निम्म्या बायकांचे डोळे मिटलेले. त्या मिटलेल्या डोळ्यांमागं प्रार्थना आहे की झोप, हे फक्त प्रभूला माहीत. मार्था उठली. आवाज नेहमीसारखाच होता. म्हणाली, "पोरींची सुकडी मी खाल्ली."

आणि सगळ्या बायका म्हणाल्या, "आमेन."

त्यात माझाही आवाज होता. इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं. मग एकेक डोळा उघडला. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईंना कमी ऐकू यायचं. त्यांनी वर आणखी "प्रभूची स्तुती असो" अशी भर घातली. कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. मार्था उभीच होती. तिच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. कुणी पाठीवरचं ओझं न विचारता उतरवून घ्यावं आणि माणूस नुसता बघत राहावा, तसं. तिनं कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "शिवम्मानं नाही. मी. किती दिवस खाते आहे ते सांगवत नाही." दाराशी शिवम्मा चहाची किटली घेऊन उभी होती. ती चिडेल, शिव्या देईल, असं मला वाटलं. तिचा तो हक्क होता. ती म्हणाली, "आत्या, आदी सांगायचं की. वाईच जादा शिजवलं असतं." आणि कप भरायला लागली.

शिवम्माचं काम राहिलं. मार्थाचं गेलं, आणि तेच योग्य होतं. त्याच संध्याकाळी ती एक ट्रंक घेऊन परत माझ्याकडं राहायला आली. मला वाटलं, झालं, आता निदान माझ्या डोळ्यांसमोर राहील. मी तक्ता पुन्हा लिहायला घेतला. दुसऱ्या दिवशी पाळकीणबाई आल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी. काठीसारख्या बारीक, बोलणं त्याहून टोकदार. त्यांना स्वतःला एके काळी तपकिरीचं व्यसन होतं आणि ते कसं सुटलं हे त्या कुणालाही, कुठंही सांगत. त्यांनी माझा तक्ता वाचला आणि पालथा करून ठेवला.

"मार्थाबाई," त्या म्हणाल्या, "तपकीर मी सोडली. भाकरी तुम्ही कशी सोडाल? प्रभूनं भाकरी सोडायला सांगितलंच नाही. मोडायला सांगितलं. आणि शेवटच्या जेवणाला त्यानं स्वतः मोडली तेव्हा भोवती माणसं होती."

मार्था म्हणाली, "काल बायका आमेन म्हणाल्या ना, तेव्हा मला पहिल्यांदा पोट भरल्यासारखं वाटलं."

मी म्हटलं, "अगं, चुकून म्हणाल्या त्या."

"असू दे, वहिनी. म्हणाल्या ना."

मग तिनं जे सांगितलं ते मी नंतर कुणाला सांगितलं नाही. आता ती नाही, आणि तुम्हाला माहीत असावं असं वाटतं. ती म्हणाली, कोठीत उभी असायचे तेव्हासुद्धा मी प्रार्थना करायचे. म्हणायचे, देवा, थोडा वेळ तिकडं तोंड कर. एवढीच प्रार्थना. आणि तो करायचा, असं मला वाटायचं... पाळकीणबाईंनी तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "मग आता त्याला इकडं बघ म्हणा. आणि मोठ्यानं म्हणा, म्हणजे घरातल्या माणसालाही कळेल."

त्या दिवशी नियम ठरला. तोंडात जे काही जाईल त्याच्या आधी मोठ्यानं प्रार्थना करायची, आणि आमेन दुसऱ्या माणसानं म्हणायचं. माणूस नसेल तर खायचं नाही. कडक भाकरी पदरात मोडायची नाही, हवेत मोडायची, आवाज होऊ द्यायचा. नियम ठरवून पाळकीणबाई आपल्या घरी गेल्या. घरातलं माणूस मी होते.

तुम्हाला कल्पना यायची नाही. मी न्हाणीत असायची, डोळ्यांत साबण, आणि बाहेरून आवाज, "वहिनी, आमेन म्हणा."

"कशावर?"

"अर्ध्या केळ्यावर."

पेपर तपासताना, कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेलो असताना, तापानं फणफणले असताना... आमेन. बरं, प्रार्थना दोन वाक्यांत संपवेल तर ती मार्था कसली. केळं पिकवणाऱ्यापासून विकणाऱ्यापर्यंत सगळ्यांची विचारपूस देवाकडं करायची. माझी आमटी गार व्हायची. मी एकदा वैतागून म्हटलं, "तूच म्हण ना तुझं आमेन. देवाला काय फरक पडतो?" ती म्हणाली, "स्वतःचं चालत नाही, वहिनी. स्वतःचं स्वतः म्हणूनच तर कोठी संपवली मी." आणि केळं तसंच हातात धरून माझ्या तोंडाकडं बघत बसली. म्हणावं लागलं.

मी शाळेत गेले की घरात कोण? मग भिंतीपलीकडच्या खैरूनबी. मधली भिंत छातीइतकी उंच. मार्था या बाजूला ताट घेऊन उभी राहायची, प्रार्थना करायची, आणि खैरूनबी पलीकडून, निवडत असतील ती डाळ थांबवून म्हणायच्या, "आमीन." मला हे कळलं तेव्हा मी आक्षेप घेतला. शब्द आमेन आहे. खैरूनबी म्हणाल्या, "हमारे में आमीनच बोलते, टीचरबाई. अल्ला को समजता." मार्थाला वाद नकोच होता, पण मी ऐकेना, तेव्हा ते प्रकरण पाळकीणबाईंपर्यंत गेलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मार्थाला म्हणाल्या, "देव उच्चार तपासत नाही. ते तुमच्या वहिनीचं खातं आहे." हे वाक्य पुढं मंडळीत वर्षभर फिरत होतं. मी ते अजून विसरलेली नाही.

एकदा आम्ही दोघी पॅसेंजरनं होटगीला एका नात्यातल्या लग्नाला निघालो होतो. गाडी सुटली आणि मार्थानं पिशवीतून पेरू काढला. मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहायला लागले. भर डब्यात ही केळ्या-पेरूंच्या प्रार्थना करणार आणि मी आमेन म्हणणार, हे मला होणार नव्हतं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग समोर बसलेल्या धोतरवाल्या शेतकऱ्याला म्हणाली, "मामा, एवढं काम करता का? मी प्रार्थना करते, शेवटी तुम्ही आमेन म्हणा."

"काय म्हनू?"

"आमेन."

"म्हंजी काय वो?"

"तसंच होवो, असा अर्थ आहे."

"मग हुंद्या की," तो म्हणाला. "खावा तुमी. प्यारू लई ग्वाड दिसतोय."

मार्थानं विचारात पडून माझ्याकडं पाहिलं. चालेल का, असं तिच्या डोळ्यांत. मी खिडकीतून तोंड न वळवता म्हटलं, "खा आता." पेरूचा अर्धा तुकडा तिनं त्याला दिला. त्यानं तो खाण्याआधी हातातच धरून ठेवला आणि विचारलं, "माज्यावर बी म्हनायचं असतंय का?" ती म्हणाली, "म्हणते की," आणि म्हणाली. होटगी येईपर्यंत दोघांनी मिळून पिशवी रिकामी केली. डब्यातली सगळी माणसं आमच्याकडं बघत होती. उतरताना तो माणूस मलाच म्हणाला, "बाई, तुमच्या बहिनीचं लई चांगलं हाय. खातानं दोन मानसं लागत्यात." मी त्याला ती नणंद आहे असं सांगितलं आणि उतरले.

हे वाचून तुम्हाला वाटेल, आत्याची सवय सुटली आणि ती बारीक झाली. तसं काही झालं नाही. थोडी उतरली, मग तिथंच राहिली. गुडघे दुखायचे राहिले नाहीत आणि रक्तातली साखर पूर्ण खाली आली नाही. आणि ती पुन्हा मोहात पडायचीसुद्धा. मी परीक्षेच्या कामावरून येऊन पाहायची, तर डबा उघडा, फरशीवर भुगा, आणि मार्था भिंतीला टेकून बसलेली. माझा पारा चढायचा. इतकी वर्षं मी गार आमटी प्यायले ती कशासाठी? पण आधी आणि नंतर यात एक फरक होता. आधी मी विचारलं असतं तर ती "नाही" म्हणाली असती. आता मी चपला काढायच्या आत म्हणायची, "वहिनी, आज आमेनशिवाय खाल्लं." बुधवारी सभेत उभी राहायची आणि तेच सांगायची. बायकांनाही कंटाळा यायचा. एकजण तर म्हणाली, "परत?" मार्था म्हणाली, "परत." आणि आमेन घेऊन खाली बसली. मला अशा साक्षी आवडत नाहीत. मला ज्या गोष्टींना शेवट असतो त्या आवडतात. ती म्हणायची, "वहिनी, भूक रोज लागते, मग प्रभू एकदाच कसा पुरेल?"

पण पडण्यातली अंतरं वाढत गेली, हे मला मान्य करावं लागलं. आठवड्यांचे महिने झाले. शेवटच्या दोन वर्षांत तर मी शाळेतून आल्यावर डब्याकडं बघायचंच विसरले होते. तिच्या लुगड्यांना पिठाचा वास येईनासा झाला होता, आणि हे मला धुणं टाकताना एक दिवस एकदम लक्षात आलं. मी तिला काही बोलले नाही. बोलले असते तर तिनं त्यावरही प्रार्थना केली असती.

गेल्या वर्षी वसतिगृहाची नवी मेट्रन बाळंतपणाला गेली आणि कोठी सांभाळायला कुणी मिळेना. शाळेच्या मोठ्या बाई आता नव्या. त्यांनी शिवम्माला सांगितलं, किल्ली तूच ठेव. मी तिथं काही कामासाठी गेले होते, म्हणून मी हे माझ्या कानांनी ऐकलं. शिवम्मा म्हणाली, "मला नगं. किल्ली आत्याला द्या."

बाईंना जुनी हकिगत कुणीतरी सांगितलेली असावी. त्यांनी किल्ली परत टेबलावर ठेवली.

"द्या की," शिवम्मा म्हणाली. "आत्या इचारल्याबिगर शेंगदाना तोंडात टाकत न्हाय. मीच टाकती."

मार्थाला बोलावणं गेलं. ती किल्ली हातात घेऊन बराच वेळ उभी होती. मला वाटलं नाही म्हणेल, आणि खरं सांगायचं तर मला तिनं नाही म्हणायला हवं होतं. ती शिवम्माला म्हणाली, "मी आत असले की तू दाराशी बसायचं. आणि दार उघडं." शिवम्मा म्हणाली, "बसते की. पानबी खाईन." ते तीन महिने मुलींची एकही वाटी कमी भरली नाही. नवी मेट्रन परत आली, त्या दिवशी मार्थानं किल्ली परत केली आणि घरी आली. मी विचारलं, "झालं?" म्हणाली, "झालं. भूक लागली आहे. आमेन म्हणा." त्या दिवशीची प्रार्थना नेहमीपेक्षा लांब होती. आमटी गार झाली.

ती कशी गेली ते खैरूनबींनी मला माती झाल्यानंतर सांगितलं. त्या माझ्याशी एरवी मराठीत बोलतात, पण त्या दिवशी त्यांची मराठी हरवली होती. मार्था भिंतीशी आली होती, ताटात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. प्रार्थना केली. त्यात रॉकेलच्या रांगेतल्या माझीही आठवण काढली, रांग लवकर सरकू दे म्हणून. ताट घेऊन आत गेली. खैरूनबी म्हणाल्या, "मैं आमीन बोली, टीचरबाई. पर भाकरी तोडे सो आवाजच नै आया. रोज आता. थोडा ठैरी. फिर भी नै आया. तो मैं दौडी." मार्था स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेली होती, हात ताटापाशी, भाकरी अख्खी. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी ती भाकरी दुसऱ्या दिवशी पाहिली. कुठंही मोडलेली नव्हती. आमेन झालेलं होतं, आणि तिनं खाल्लं नव्हतं...

आता घरात मी आहे आणि तिचा तो भाकरीचा पत्र्याचा डबा आहे. झाकण घट्ट बसत नाही, ते तिनंच वाकवलं होतं जुन्या काळी, आवाज न करता उघडावं म्हणून. मी टाकून देणार होते. दिला नाही. माझी प्रार्थना पहिल्यापासून थोडक्यात आणि मनातल्या मनात. पाहुणे पांगल्यावर एकटीनं जेवायला बसले, नेहमीसारखी प्रार्थना केली, भाकरी हातात घेतली, आणि घास तोंडाशी जाईना. एवढ्या वर्षांत मी दुसरीच्या जेवणावर आमेन म्हणत आले, आणि आता माझ्यावर म्हणायला कुणी नाही. स्वतःचं चालत नाही, हा तिचाच नियम. काय हा जाच! जाताना नियम तरी घेऊन जायचा होता. मी पाच मिनिटं तशीच बसले. आमटी गार झाली. शेवटी ताट उचललं आणि भिंतीशी गेले.

"खैरूनबी."

"जी, टीचरबाई?"

"जरा आमेन म्हणता का?"

"कशावर?"

"भाकरीवर."

त्यांनी निवडायचं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आमीन." मी त्यांचा उच्चार सुधारला नाही. आत येऊन बसले. आता रोज असंच चालतं. मात्र भाकरी मी जरा जोरानंच मोडते, कारण मला माहीत आहे, त्या भिंतीपलीकडं उभ्या राहून ऐकत असतात.